मेटॅलिकाच्या सगळ्यात रागीट अल्बममधला बास गेला कुठं?

एक काम करा. मोबाईलवर मेटॅलिका या अमेरिकन बँडचं 'ब्लॅकन्ड' हे गाणं लावा आणि हेडफोन घाला. ड्रम ऐकू येतील, अगदी कानाशी कुणीतरी पत्र्यावर काठी आपटतंय असे. गिटार ऐकू येतील, लाकूड कापणाऱ्या करवतीसारख्या. गाणाऱ्याचा आवाज येईल. आता या सगळ्यात बास गिटार शोधा.

नाही सापडणार. आवाज वाढवा, हेडफोन बदला, शेजाऱ्याचा होम थिएटर मागून आणा, फार फरक पडणार नाही.

गंमत म्हणजे हे गाणं रचणाऱ्यांमध्ये तीन जणांची नावं आहेत आणि त्यातलं एक नाव बास वाजवणाऱ्याचंच आहे. म्हणजे गाणं बनवायला ज्यानं हात लावला, त्याचंच वाद्य त्या गाण्यात ऐकू येत नाही. बरं, हे एका गाण्यापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण १९८८ साली आलेला '...अँड जस्टिस फॉर ऑल' हा अख्खा अल्बम, म्हणजे नऊ गाणी आणि जवळपास ६५ मिनिटं, असाच आहे. तरीही अमेरिकेत त्याच्या ८० लाखांवर प्रती गेल्याचं प्रमाणपत्र त्याच्या नावावर आहे.

हे मशीन बिघडल्यामुळे झालं नाही. कुणी विसरलं म्हणूनही झालं नाही. बास वाजवला गेला होता, टेपवर नीट रेकॉर्ड झाला होता, आणि मग ठरवून कमी केला गेला. का, याचं उत्तर शोधायला दोन वर्षं मागं जावं लागतं, स्वीडनमधल्या एका रस्त्यावर.

पण आधी, बास नसला तर बिघडतं काय?

गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथक वाजतंय असं समजा. आता सगळे ढोल बंद करा आणि फक्त ताशे चालू ठेवा. ताल चुकणार नाही, वेगही तोच राहील, उलट ताशाची प्रत्येक काडी जास्त स्पष्ट ऐकू येईल. पण छातीत जो दणका बसायचा तो जाईल. तबल्याच्या जोडीतून डग्गा उचलून ठेवला तर जे होईल तेच.

रॉक बँडमध्ये हे ढोलाचं काम बास गिटार करते. साधारण चार तारांची, गिटारच्या सगळ्यात जाड तारेपेक्षाही एक सप्तक खाली बोलणारी. बरेचदा ती वेगळी अशी ऐकू येत नाही, पण ती काढली की गाण्याच्या पायाखालची जमीन गेल्यासारखं वाटतं. 'जस्टिस' ऐकताना नेमकं तसंच वाटतं. कोरडं, टोकदार, हाडं दिसणारं संगीत.

आणि मेटॅलिकासाठी तर बास ही मागं उभं राहून वाजवायची गोष्ट कधीच नव्हती. कारण त्यांच्याकडे क्लिफ बर्टन होता.

ज्याच्यासाठी बँडनं गाव बदललं

मेटॅलिका १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली. ड्रमर लार्स उलरिक मूळचा डेन्मार्कचा, टेनिसपटू टॉर्बन उलरिक यांचा मुलगा. गाणारा आणि गिटार वाजवणारा जेम्स हेटफिल्ड तिथलाच. या दोघांनी एका क्लबमध्ये क्लिफ बर्टनला वाजवताना पाहिलं आणि त्याला बँडमध्ये ओढायचंच असं ठरवलं. क्लिफची अट एकच होती, मी लॉस एंजेलिसला येणार नाही, तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोकडे या. पोरांनी बोचकं उचललं आणि गेली. एका वादकासाठी अख्ख्या बँडनं शहर बदललं.

क्लिफ बोटांनी बास वाजवायचा, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकायचा, बाख त्याचा आवडता. स्वरांची जुळणी कशी करायची हे हेटफिल्डला त्याच्याकडून शिकायला मिळालं. पहिल्याच अल्बममध्ये त्याचा बास गिटारचा स्वतंत्र तुकडा आहे. मार्च १९८६ मध्ये त्यांचा तिसरा अल्बम आला, 'मास्टर ऑफ पपेट्स'. 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या चौथ्या सीझनमध्ये एडी मन्सन छपरावर उभा राहून जे वाजवतो ना, ते याच अल्बमचं शीर्षकगीत.

सहा महिन्यांनी बँड युरोपच्या दौऱ्यावर होता. २६ सप्टेंबरला स्टॉकहोममध्ये कार्यक्रम झाला आणि रात्रीच बस कोपनहेगनच्या दिशेनं निघाली. बसमध्ये झोपायच्या जागेवरून क्लिफ आणि दुसरा गिटारवादक कर्क हॅमेट यांनी पत्ते काढले. क्लिफला इस्पिकचा एक्का आला आणि त्यानं कर्कची जागा मागून घेतली. २७ सप्टेंबरच्या पहाटे बस रस्त्यावरून घसरून उलटली. क्लिफ खिडकीतून बाहेर फेकला गेला आणि बस त्याच्यावर पडली. तो २४ वर्षांचा होता.

रस्त्यावर बर्फाचा थर होता असं ड्रायव्हरनं सांगितलं. हेटफिल्ड त्या थंडीत रस्त्यावर चालत बर्फ शोधत राहिला आणि त्याला तो दिसला नाही. ड्रायव्हरवर पुढे गुन्हा सिद्ध झाला नाही.

यानंतर बँडनं काय करायला हवं होतं? थांबायला हवं होतं, असं आज कुणीही म्हणेल. बँडमधलेही पुढे तसंच म्हणाले. पण तेव्हा सगळे विशी-पंचविशीतले, दुःख कसं करायचं हे कुणी शिकवलेलं नाही, आणि सोबतीला भरपूर दारू. त्यांनी चाळीसच्या वर बास वादक ऐकले आणि महिन्याभरात नवा माणूस घेतला. अपघाताला जेमतेम सहा आठवडे झाले होते तेव्हा, ८ नोव्हेंबरला, नवा गडी त्यांच्यासोबत स्टेजवर होता.

नवा पोरगा

त्याचं नाव जेसन न्यूस्टेड. ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये त्याचा स्वतःचा बँड होता, 'फ्लॉट्सम अँड जेटसम'. त्या बँडची बरीचशी गाणी तोच लिहायचा आणि त्यांचा पहिला अल्बम जेमतेम काही महिन्यांपूर्वी आला होता. पण मेटॅलिका हा त्याचा लाडका बँड. लाडक्या बँडनं बोलावल्यावर कोण थांबतंय?

आणि मग सुरू झालं ते रॅगिंग. दुसरा शब्द नाही त्याला. जपानच्या दौऱ्यावर जेवणाची बिलं त्याच्या खोलीच्या नावावर लावली जायची. वासाबी म्हणजे जपानी तिखटाचा हिरवा गोळा, तो गोड पदार्थ आहे असं सांगून त्याला खायला लावला. टॅक्सीतून त्याला न घेताच निघून जायचं, वगैरे. न्यूस्टेडनं आणि बाकीच्यांनीही हे किस्से नंतर मुलाखतींमध्ये सांगितलेत, काही वेळा हसत, काही वेळा नाही.

१९८७ मध्ये त्यांनी दुसऱ्या बँडची पाच गाणी वाजवून एक छोटी रेकॉर्ड काढली. दुकानदारांनी जास्त पैसे उकळू नयेत म्हणून तिच्या नावातच ५ डॉलर ९८ सेंट ही किंमत घातली होती, ही कल्पना मात्र मानली पाहिजे. त्या रेकॉर्डवर न्यूस्टेडचं नाव छापलं, 'मास्टर जे. न्यूकिड'. म्हणजे नवा पोरगा. मस्करी होती, पण ती जॅकेटवर छापून जगाला वाटली गेली.

एक गोष्ट लक्षात ठेवा, त्या रेकॉर्डवर त्याचा बास खणखणीत ऐकू येतो. म्हणजे वाजवता येत नव्हतं, असा प्रकार नव्हता.

स्टुडिओत कोण कुणाबरोबर बसलं

जानेवारी १९८८ च्या शेवटी लॉस एंजेलिसच्या 'वन ऑन वन' स्टुडिओत काम सुरू झालं. आधीचे दोन अल्बम ज्यानं रेकॉर्ड केले तो डेन्मार्कचा फ्लेमिंग रासमुसेन लगेच मोकळा नव्हता, म्हणून माइक क्लिंकला घेतलं. क्लिंक म्हणजे 'गन्स एन' रोझेस'चा तुफान गाजलेला पहिला अल्बम करणारा निर्माता. पण सूर जुळले नाहीत. काही आठवड्यांत रासमुसेनला विमानात बसवून बोलावलं गेलं. क्लिंकच्या काळातलं थोडं ड्रमचं काम तेवढं अल्बममध्ये राहिलं.

गाणी बहुतेक सगळी हेटफिल्ड आणि उलरिकनं बांधली होती, आणि बांधताना कुठं थांबायचं हे दोघांनाही कळत नव्हतं. शीर्षकगीत पावणेदहा मिनिटांचं. सगळ्यात छोटं गाणं पाच मिनिटांचं. एका गाण्यात इतके सांधे की पुढे स्टेजवर शीर्षकगीत वाजवताना पहिल्या रांगेतली माणसं जांभया देताना दिसली, असं हॅमेटनं सांगितलंय. १९८९ नंतर ते गाणं त्यांनी थेट २००७ साली पुन्हा वाजवायला घेतलं.

विषय मात्र दमदार होते. 'ब्लॅकन्ड'मध्ये जळून गेलेली पृथ्वी. शीर्षकगीतात पैशानं विकत घेतलेला न्याय, आणि अल्बमच्या चित्रातही डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता, दोरखंडांनी करकचून बांधलेली, तिच्या तराजूतून डॉलर सांडताहेत. शेवटच्या गाण्यात हेटफिल्ड आईबापांवरचा राग काढतो. त्याचं घर ख्रिश्चन सायन्स पंथाचं होतं, औषधोपचार न मानणारं. त्याची आई कॅन्सरनं गेली तेव्हा तो १६ वर्षांचा होता.

आता रेकॉर्डिंग कसं होतं ते थोडक्यात. सगळे एकत्र बसून एकदाच वाजवतात, असं मोठ्या अल्बममध्ये सहसा होत नाही. आधी ड्रम, मग गिटार, मग बास, मग गाणं, प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक. 'जस्टिस'मध्ये तर ड्रमच्या टेपचे तुकडे कापून जोडून हवा तसा अचूक ठोका बनवला गेला. शेवटी हे सगळे ट्रॅक समोर घेऊन कुणाचा आवाज किती ठेवायचा हे ठरवतात. त्याला मिक्सिंग म्हणतात. आपल्या गोष्टीतला खून इथंच होतो, पण त्याची तयारी आधीपासून झाली होती.

न्यूस्टेडनं आपला बास रेकॉर्ड केला तेव्हा खोलीत होता फक्त सहायक इंजिनिअर टोबी राइट. हेटफिल्ड नाही, उलरिक नाही, रासमुसेन नाही. असं करू नको, इथं जरा वेगळं वाजव, हा सूर गिटारला झाकतोय, हे सांगायला कुणीच नाही. न्यूस्टेडला मेटॅलिकाच्या स्टुडिओत अल्बम कसा होतो याचा अनुभव नव्हता. त्यानं जुन्या बँडमध्ये करायचा तेच केलं. पिक घेतला आणि हेटफिल्डची गिटार जशी धावते तसाच, सुराला सूर लावून, तिच्या पाठोपाठ धावला.

क्लिफ गिटारच्या भोवतीनं फिरायचा, कधी वर, कधी आडवा. न्यूस्टेड गिटारच्या सावलीसारखा वाजला. आणि हेटफिल्डची गिटार या अल्बममध्ये अशी जुळवली होती की मधला भाग कापलेला आणि खालचा जाडजूड भाग ठासून भरलेला. जिथं बासनं राहायचं ती खोली गिटारनं आधीच बळकावली होती.

हे तांत्रिक कारण खरं आहे. बरेच इंजिनिअर त्यावरच बोट ठेवतात. पण हे अर्धंच उत्तर आहे. गिटार आणि बास एकमेकांवर चढत असतील तर त्यावर उपाय असतात, आणि ते करायला पैसे देऊन माणसं बोलावलेली असतात. तशी माणसं बोलावली होतीच.

आणखी कमी करा

मिक्सिंगसाठी स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकल बार्बिएरो या जोडीला घेतलं. काम न्यू यॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळ बेअर्सव्हिल स्टुडिओत. त्याच सुमारास, मे महिन्याच्या शेवटी, मेटॅलिकाचा मोठा दौरा सुरू झाला. स्टेडियममध्ये व्हॅन हेलन, स्कॉर्पिअन्स यांच्यासोबत. हेटफिल्ड आणि उलरिक कार्यक्रम करायचे, विमान पकडून स्टुडिओत यायचे, मिक्स ऐकायचे आणि परत जायचे. रासमुसेन मिक्सिंगला नव्हता. न्यूस्टेडही नव्हता.

स्टेडियममध्ये तासभर हेवी मेटल वाजवून आलेल्या माणसाच्या कानांची काय अवस्था असेल? कुठल्याही डीजेसमोर रात्र काढून बघा, दुसऱ्या दिवशी सगळं कापूस घातल्यासारखं ऐकू येतं. आमचे कान कामातून गेले होते, हे हेटफिल्डनं नंतर स्वतःच मान्य केलंय. वरच्या पट्टीतले आवाज नीट ऐकू येत नव्हते, म्हणून ते वाढवत गेले.

आणि थॉम्पसननं पुढे एका मुलाखतीत जे सांगितलं ते असं. त्यांनी पहिला मिक्स तयार केला, त्यात बास नीट होता. उलरिकनं ऐकून सांगितलं, बास कमी करा, इतका की जेमतेम ऐकू येईल. केला. त्यावर उलरिक म्हणाला, आता याहून पाच-सहा डेसिबल आणखी खाली घ्या. सहा डेसिबल म्हणजे किती? सिग्नल जवळपास निम्मा. तोही जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाचा निम्मा. थॉम्पसननं हेटफिल्डकडे पाहिलं, हा थट्टा करतोय का, अशा नजरेनं. हेटफिल्डनं हात वर केले.

उलरिकचं म्हणणं वेगळं आहे. त्याच्या मते हे न्यूस्टेडविरुद्ध नव्हतंच. त्याला ड्रम पुढे हवे होते, हेटफिल्डला गिटार पुढे हवी होती, दोघंही आपापलं वाढवत गेले आणि तिसऱ्यासाठी जागा उरली नाही.

दोन्ही बाजू ऐकल्यावर एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसते. क्लिफ असता तर हे झालं नसतं. तो तिथं बसून भांडला असता म्हणून नाही, तर त्याचा बास कमी करा असं म्हणायची कुणाची हिंमतच झाली नसती. न्यूस्टेडच्या बाबतीत ती हिंमत लागलीच नाही. मुद्दाम केलं की ओघात झालं, यावर चाहते भांडत बसतात, पण दीड वर्षं ज्याला माणूस म्हणून कुणी जागा दिली नव्हती, त्याला मिक्समध्ये जागा मिळाली नाही यात आश्चर्य कसलं?

अल्बममध्ये आठवं गाणं आहे, 'टू लिव्ह इज टू डाय'. जवळपास दहा मिनिटं फक्त वाद्यं आणि शेवटाकडे हेटफिल्डनं म्हटलेल्या चार ओळी. संगीत क्लिफनं मागं ठेवलेल्या तुकड्यांतून बांधलेलं आणि श्रेयात त्याचं नाव. ते सूर टेपवर वाजवले अर्थातच न्यूस्टेडनं. म्हणजे गेलेल्या मित्राला वाहिलेली श्रद्धांजली, त्याच्या जागी आलेल्या माणसाच्या हातून, आणि तो हात ऐकू येत नाही.

अल्बम आला आणि चालला

१९८८ च्या उत्तरार्धात अल्बम बाजारात आला. पहिल्यांदा ऐकल्यावर न्यूस्टेड भयंकर चिडला, हे त्यानं लपवलेलं नाही. बँड सोडून मात्र गेला नाही. पब्लिकला काहीच पडलेली नव्हती. रेडिओनं फारसा न वाजवलेल्या या बँडचा अल्बम बिलबोर्डच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेला. सप्टेंबरपासून नवा दौरा सुरू झाला, स्टेजवर न्यायदेवतेचा भलामोठा पुतळा, जो शेवटी कोसळून पडायचा. आणि त्या दौऱ्यात न्यूस्टेडचा बास हजारो लोकांना रोज रात्री व्यवस्थित ऐकू येत होता.

खरी उडी मारली ती 'वन' या गाण्यानं. युद्धात हातपाय, डोळे, कान, वाचा सगळं गमावलेला, पण डोक्यानं पूर्ण जागा असलेला एक सैनिक. ही कल्पना डाल्टन ट्रम्बो यांच्या १९३९ च्या 'जॉनी गॉट हिज गन' या कादंबरीशी जोडलेली. ट्रम्बो हे हॉलिवूडचे नावाजलेले पटकथाकार, कम्युनिस्ट ठरवून काळ्या यादीत टाकलेले. १९७१ मध्ये त्यांनी स्वतःच या कादंबरीवर सिनेमा काढला होता.

तोवर मेटॅलिकानं एकही म्युझिक व्हिडिओ काढला नव्हता. व्हिडिओ म्हणजे केस फुगवलेल्या नाचऱ्या बँडचं काम, असा त्यांचा तोरा होता. तो तोरा त्यांनी 'वन'साठी सोडला. एका गोदामात बँड वाजवतोय आणि मध्येमध्ये ट्रम्बोंच्या सिनेमातली दृश्यं, पलंगावर पडलेला तो सैनिक, उशीवर डोकं आपटून मोर्सच्या खुणांनी बोलू पाहणारा. जानेवारी १९८९ मध्ये एमटीव्हीवर हा व्हिडिओ लागला आणि ज्यांना मेटल म्हणजे नुसता गोंगाट वाटायचा तेही टीव्हीसमोर गप्प बसले. गाणं अमेरिकेच्या मुख्य यादीत ३५ व्या क्रमांकावर पोहोचलं. मेटॅलिकाचं टॉप ४० मधलं हे पहिलं गाणं.

मग आली ग्रॅमी. २२ फेब्रुवारी १९८९. हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदाच पुरस्कार ठेवला होता. मेटॅलिकानं त्याच रात्री स्टेजवर 'वन' वाजवलं, पुरस्कार त्यांचाच असं सगळे धरून चालले होते. लिफाफा उघडला आणि नाव निघालं, 'जेथ्रो टल'. बासरी वाजवणाऱ्या गायकाचा ब्रिटिश बँड! सभागृहात हुर्यो उडाली. जेथ्रो टलवाले तर आलेही नव्हते, आपल्याला मिळणार नाही याची त्यांना इतकी खात्री. नंतर त्यांच्या कंपनीनं जाहिरात दिली की बासरी हेही 'हेवी मेटल' वाद्यच आहे. मेटॅलिकानं आपल्या अल्बमवर 'ग्रॅमी हरलेले' अशा अर्थाचं स्टिकर चिकटवलं. पुढच्याच वर्षी 'वन'ला ग्रॅमी मिळाली, आणि १९९२ मध्ये पुन्हा एकदा पुरस्कार घेताना उलरिकनं जेथ्रो टलचे आभार मानले, यंदा अल्बम न काढल्याबद्दल.

बास परत आला, पण पुढच्या अल्बममध्ये

१९९१ चा 'ब्लॅक अल्बम' त्याच 'वन ऑन वन' स्टुडिओत झाला. निर्माता नवा, बॉब रॉक. त्यानं दोन गोष्टी केल्या. वेगवेगळं वाजवून घेण्याऐवजी चौघांना एका खोलीत एकत्र वाजवायला लावलं. आणि बासला बास म्हणून वाजू दिलं, गिटारची सावली म्हणून नाही. 'सॅड बट ट्रू' लावून बघा, फरक सांगावा लागणार नाही. याच अल्बमनं मेटॅलिकाला जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडपैकी एक बनवलं.

न्यूस्टेड चौदा वर्षं टिकला. जानेवारी २००१ मध्ये त्यानं बँड सोडला. मान आणि पाठीचं दुखणं होतंच, पण त्याला दुसऱ्या एका छोट्या बँडचं काम करायचं होतं आणि हेटफिल्डला ते मंजूर नव्हतं. २००४ च्या 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर' या माहितीपटात त्यानंतरची सगळी धुणी धुतलेली दिसतात, बँडसाठी नेमलेल्या समुपदेशकासकट.

इकडे चाहत्यांनी हार मानली नव्हती. 'गिटार हिरो', 'रॉक बँड' असे व्हिडिओ गेम आले. त्यात प्रत्येक वाद्य वेगळं खेळता यावं म्हणून गाण्यांचे ट्रॅक सुटे दिलेले असतात. 'जस्टिस'मधली काही गाणी त्यात गेली आणि न्यूस्टेडचा बास वीस वर्षांनी लोकांना पहिल्यांदा सुटा ऐकायला मिळाला. पोरांनी घरच्या कॉम्प्युटरवर तो वाढवून नवे मिक्स केले आणि इंटरनेटवर टाकले. नाव दिलं, 'अँड जस्टिस फॉर जेसन'. शोधलंत तर आजही सापडतील. बास उत्तम वाजलाय असं रासमुसेन आधीपासून सांगत होताच, आता ते सगळ्यांनाच कळलं.

२०१८ मध्ये बँडनं अल्बमची नवी आवृत्ती काढली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता तरी. पण ती रीमास्टर होती, रीमिक्स नव्हे. रीमास्टर म्हणजे तयार मिक्स जसाच्या तसा ठेवून फक्त त्याला झळाळी देणं, रीमिक्स म्हणजे मुळातले ट्रॅक उघडून पुन्हा जुळवणं. बास होता तिथंच राहिला, म्हणजे तळघरात. हेटफिल्डचं म्हणणं असं की जे झालं तो त्या काळाचा भाग आहे, इतिहास कशाला बदलायचा? आता विशेष म्हणजे न्यूस्टेडही साधारण याच बाजूचा झालाय. तेव्हा राग आला होता, पण अल्बम आहे तसाच असायला हवा, असं तो सांगतो.

४ एप्रिल २००९ ला क्लीव्हलँडमध्ये मेटॅलिकाला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं. क्लिफच्या वतीनं सन्मान घ्यायला त्याचे वडील रे बर्टन आले होते. आपल्या मुलाला बँडकडून येणाऱ्या मानधनातून ते क्लिफच्या जुन्या शाळेतल्या संगीत शिकणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती द्यायचे. वाजवायची वेळ आली तेव्हा स्टेजवर दोन बास वादक उभे होते, नवा रॉबर्ट ट्रुहियो आणि खास बोलावलेला न्यूस्टेड. थॉम्पसनही त्या समारंभाला होता. तो सांगतो की तिथं उलरिक त्याच्याकडे आला आणि विचारू लागला, 'जस्टिस'च्या बासचं नेमकं झालं काय?